कोपऱ्यातली तांबडी फुली

८ ऑगस्ट २०११, सोमवार
बीपी १५०/९०

डॉक्टरनं सांगितलंय, रोज बीपी मोजायचं आणि वहीत लिहायचं. मोजायचं यंत्र मंजुनाथनं, माझ्या लेकानं, मस्कतहून पाठवलं. दंडाला पट्टा बांधला की ते कुंथतं आणि आकडा दाखवतं. वहीपण त्याचीच आहे, इंजिनिअरिंगची. पुढची वीस पानं आकृत्या, मागं कोरी. बीपीला एक ओळ लागते, उरलेलं पान वाया घालवायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून लिहिते. चौथीपर्यंत शिकले, त्यातली दोन वर्षं कानडी शाळेत. चुका असतील. वाचणार कोण आहे.

आज श्रावणी सोमवार. भगर केली. एका माणसाची भगर होत नाही, कितीही कमी घेतली तरी दोघांची होते. उरलेली वर दिली.

वर म्हणजे गच्चीवरच्या खोलीत. तिथं श्रीदेवी राहते, टेंभुर्णीची, सहा महिने झाले. नवरा ट्रकवर असतो. त्यानं हिला टाकली की हिनं त्याला, गल्लीत दोन्ही ऐकायला मिळतं. मी विचारलं नाही. वय तीस-बत्तीस, बोलते कमी, पाणी जपून वापरते. भाडेकरूत एवढे गुण पुष्कळ झाले. वर जायला सतरा पायऱ्या आहेत आणि माझे गुडघे दोन वर्षांत त्या चढलेले नाहीत. पातेलं खालच्या पायरीवर ठेवून हाक मारते, ती येऊन नेते.

१४ ऑगस्ट, रविवार
१४०/९०

रविवारी अकराला मंजुनाथ कॉम्प्युटरवर दिसतो. त्याच्यासाठीच तो बाहेरच्या खोलीत बसवलाय, फोनची लाईन घेऊन, नेटची डबी लावून. मला तीन गोष्टी शिकवल्या आहेत. चालू कसा करायचा, वाजला की हिरव्यावर कसं दाबायचं, आणि बंद कसा करायचा. चौथी विचारली तर म्हणाला, अव्वा, तुला लागत नाही.

आज अकराचे बारा झाले. सहा मिनिटं बोलला. नातू मागनं पळत गेला, नुसते खांदे दिसले. उंच झालाय. मागल्या खेपेला डोकं दिसलं होतं.

बोलणं झाल्यावर मशीन बंद करून वर चादर घातली. धूळ लई बसते.

१९ ऑगस्ट, शुक्रवार
१५०/९०

श्रीदेवी पातेलं द्यायला आली ती दारातच घुटमळली. चादरीखाली काय आहे विचारलं. दाखवलं. तिच्याकडंपण एक जुनं मशीन आहे म्हणे, वरच्या खोलीत, पण लाईन नाही. बार्शीला असताना टायपिंग आणि कॉम्प्युटर दोन्ही शिकलेली आहे. तुमच्या मशीनमधून माझ्या मशीनला एक वायर ओढली तर तुमचं नेट मलापण येईल, म्हणाली.

मी विचारलं, मला कमी पडेल का? नाही म्हणाली. फक्त एक आहे, तुमचं मशीन चालू असलं तरच माझ्याकडं येणार. तुमचं बंद तर माझं बंद.

हे मला लगेच कळलं. आपल्या सोलापुरात चार दिवसांनी पाणी येतं ते आधी खालच्या हौदात पडतं आणि मग मोटर लावली तर वरच्या टाकीत चढतं. खाली मोटर लावायला माणूस पाहिजे.

काय देऊ म्हणाली. मी म्हटलं, काही नको, येता-जाता तोंड दाखवत जा. भाडेकरू आहे की पळून गेली, घरमालकिणीला कळायला हवं.

२० ऑगस्ट, शनिवार
१४०/९०

श्रीदेवीनं सात रस्ता चौकातल्या दुकानातनं निळी वायर आणली. लांबच लांब. मशीनला मशीन जोडायचं तर वायरीचं एक टोक उलटं बांधून घ्यावं लागतं म्हणे. गच्चीवरनं खाली सोडली, खिडकीच्या गजातनं आत घेतली. मग माझ्या मशीनवर बसून कुठं कुठं गेली, शेवटी एक बारका चौकोन उघडला आणि त्यात बरोबरची खूण केली. झालं म्हणाली.

मी म्हटलं, एवढ्या खुणेसाठी शिक्षण लागतं?

"खूण कुटं करायची त्याला लागतंय, अज्जी."

पण झालं नव्हतं. वर गेली, खाली आली, वर गेली. नऊ वेळा. मी पायऱ्यांचा आवाज मोजत होते. शेवटी सापडलं. तिच्या मशीनला आधीच्या मालकानं एक नंबर बसवून दिला होता आणि ते तोच धरून बसलं होतं. तो पुसला, आणि खालचं मशीन देईल तो नंबर घे म्हणून सांगितलं. तेव्हा चाललं.

मी म्हटलं, बरोबरच आहे, सासरी येऊन माहेरचंच धरून बसलं की संसार होत नाही. ती हसली नाही. मग आठवलं, मी कुणापुढं बोलले. माझ्या तोंडाला दार नाही, मंजुनाथचे वडील रुद्रप्पा म्हणायचे. हुग्गी, गव्हाची खीर, केली होती, वाटीभर दिली.

२८ ऑगस्ट, रविवार
१४०/८०

मंजुनाथला निळी वायर दिसली. कसली म्हणाला. सांगितलं. कपाळाला हात लावला. असं कोणालाही जोडायचं नाही अव्वा, व्हायरस येतो.

मी म्हटलं, हितं कोण येतंय? व्हायरस तरी येऊ दे.

तो हसला. मग त्याला कुणीतरी हाक मारली. चार मिनिटं.

६ सप्टेंबर, मंगळवार
१३०/८०

एक नवीन कळलं. पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात दोन पिटुकली मशीनं काढलेली आहेत, एकाच्या मागं एक. त्यावर तांबडी फुली असते. श्रीदेवीनं वरचं मशीन चालू केलं की फुली जाते. तिनं बंद केलं की परत येते. तिला हे मी सांगितलेलं नाही.

सकाळी सातला मी माझं चालू करते. साडेसात-आठला फुली जाते. उठली. दुपारी दोनला फुली येते, जेवायला बसली. तीनला जाते. मला इंग्रजी येत नाही पण फुली कुणालाही वाचता येते.

चादर आता घालत नाही. सारखी काढा-घाला कोण करणार.

१७ सप्टेंबर, शनिवार
१६०/९०

सकाळी अंग कणकणत होतं. पडून राहिले, मशीन लावायचं राहिलं. नऊच्या सुमाराला श्रीदेवी दार बडवायला लागली. उघडायला वेळ लागला तर खिडकीतनं हाका.

"तुमचं मशीन चालू झालं न्हाय म्हणून आले."

मी म्हटलं, तुझ्या कामाची घाई तुला. लावते. तिनं कपाळाला हात लावला, मला झोपवलं, आत जाऊन तांदळाची पेज केली, कुठं मीठ कुठं तूप न विचारता. अकरा वाजेपर्यंत उशाशी बसून राहिली. मशीन तसंच बंद. दोनदा आठवण केली तरी लावलं नाही. काम बुडवायची सवय दिसते पोरीला. अशानं नोकरी कोण देणार.

२७ सप्टेंबर, मंगळवार
१४०/८०

नोकरीचंच निघालं. दिल्लीची कंपनी आहे. कानाला लावून बोलणं ऐकायचं आणि टाइप करायचं. बुधवारी पाच तारखेला परीक्षा, अकरा ते एक, मशीनवरच. मध्ये तुटलं की संपलं, परत घेत नाहीत. आपल्याकडं लाईट कधी जाते ते बघून तिनं ती वेळ मागून घेतली. रोज सराव करते. गच्चीवरनं टकटक ऐकू येते, पूर्वी मागाची यायची तशी.

"पास झाले की नोकरी, अज्जी. तेवढं बुधवारी मशीन बंद करू नका."

मी म्हटलं, मी काय खुळी आहे?

मंजुनाथ अशाच एका परीक्षेला पुण्याला गेला होता. मशीनवरचीच होती. चार दिवसांचे कपडे घेऊन गेला. नऊ वर्षं झाली.

दिल्ली किती लांब आहे विचारायचं राहिलं. तिलापण माहीत नसेल.

४ ऑक्टोबर, मंगळवार
१५०/९०

उद्या खंडेनवमी. झेंडूची फुलं आणली. रुद्रप्पा मागाच्या कारखान्यात फिटर होते. नवमीला सगळे माग थांबायचे. पुसून, तेल देऊन, हळदकुंकू लावायचं, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सोनं लुटेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. मालकाचा बाप आला तरी नाही. घरी आले की स्वतःचा पाना पाटावर ठेवायचे. तो पाना अजून आहे. ते गेल्यालाही चौदा वर्षं झाली, मी दरवर्षी त्याची पूजा करते. विळी, खलबत्ता, शिलाई मशीन, पाना. यंदा कॉम्प्युटरपण.

संध्याकाळी श्रीदेवीनं जिन्यावरनं हाक मारली. अज्जी, उद्या अकरा. हो हो म्हटलं.

५ ऑक्टोबर, बुधवार

बीपी घेतलं नाही.

फुली साडेसहालाच गेली होती. मी मशीन सहाला लावलं होतं.

आंघोळ केली. लिंगपूजा केली. पाट मांडला. विळी, खलबत्ता, पाना. शिलाई मशीनला हार घातला. मग कॉम्प्युटरपुढं जाऊन उभी राहिले. पूजा करायची तर चालत्या मशीनची करत नाहीत, आधी थांबवायचं. अकरा वाजून गेले होते. घड्याळ समोरच्या भिंतीवर आहे, मला दिसत होतं. पाच मिनिटं झाली होती, मग वीस झाली. वर टकटक चालू होती. लई जोरात करत होती पोरगी, पाऊस पडल्यासारखी.

मंजुनाथनं शिकवलं तसं नीट बंद केलं. पुसलं. कुंकू लावलं. फूल वाहिलं.

वरची टकटक थांबली.

मी कुलूप लावून सिद्धेश्वराला गेले. गच्चीकडं बघितलं नाही. देवळात रांग होती. दर्शन झाल्यावरपण तळ्याच्या काठाला बसले. दीड वाजता आले. दार उघडलं तर खोलीतला पंखा फिरत होता. मी पंखा चालू ठेवून घराबाहेर जात नाही. लग्न होऊन आल्यापासून कधी गेले नाही.

ती लगेच खाली आली. रडलेली नव्हती. काय झालं होतं अज्जी, विचारलं.

"लाईटीचा खालचा फेज गेला होता. म्हटलं, गेलाच आहे तर पूजा करून घ्यावी."

तिनं मशीनवरच्या फुलाकडं बघितलं. मग वर पंख्याकडं. तो फिरतच होता.

"आता आलाय व्हय," म्हणाली.

आता आला, मी म्हटलं.

ती वर गेली. जेवली नाही. पायरीवरचं ताट तसंच.

पूजा दुपारीपण झाली असती.

६ ऑक्टोबर, गुरुवार
१७०/१००

दसरा. श्रीदेवी आपट्याची पानं घेऊन आली, पाया पडली. मी पानं दिली. पुरणाच्या होळिगे दिल्या, घेऊन गेली. आकडा वाढलाय. पुरण बाधलं असेल.

९ ऑक्टोबर, रविवार
१७०/१००

मंजुनाथ दिसला नाही. बाहेर गेले असतील, सुट्टी असते त्यांना.

फुली बारापर्यंत होती. मग गेली. मग परत आली. काम नाही तर लावेल कशाला.

१२ ऑक्टोबर, बुधवार

कंपनीचं उत्तर आलं. परत परीक्षा नाही. तिनंच येऊन सांगितलं, उंबऱ्यात उभं राहून.

मला काहीतरी बरं बोलायचं होतं. म्हटलं, जाऊ दे गं, दिल्लीला एकटी कुठं राहणार होतीस?

"दिल्लीला कशाला?" ती माझ्याकडं बघायला लागली. "घरी बसूनच करायचं होतं. हितंच, वरच्या खोलीत. म्हणून तर वायर ओढली की."

मी खुर्चीत बसले.

ती सांगत राहिली. भावाला तिनं दिवाळीपर्यंतचा शब्द दिला होता. तोवर स्वतःच्या पायावर उभी राहिली तर सोलापुरात राहीन, नाहीतर टेंभुर्णीला येईन. भावाचं घर लहान आहे, वहिनीचं तोंड मोठं आहे. आता जाते म्हणाली. तेवीसला तो न्यायला येणार आहे.

बीपीच्या यंत्रानं दोनशेच्या वर आकडा दाखवला. बिघडलं असेल. सेल बदलले. तोच आकडा. सेलपण खराब निघतात.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार
१९०/१००

मंजुनाथला मी स्वतः फोन लावला. मी कधी लावत नाही. तो घाबरला, काय झालं, पडलीस का, दवाखान्यात आहेस का. म्हटलं, मला काही झालेलं नाही. श्रीदेवीची परीक्षा माझ्यामुळं बुडाली, तू मोठ्या कंपनीत आहेस, दिल्लीच्या कंपनीला सांगता येईल का?

"कोण श्रीदेवी?" म्हणाला.

मी सांगायला लागले. तो मीटिंगमध्ये होता. रविवारी बोलू म्हणाला.

१६ ऑक्टोबर, रविवार
१८०/१००

दिसला. पाच मिनिटं. त्याला आठवलं नाही, मी आठवण केली नाही.

२० ऑक्टोबर, गुरुवार

आज सतरा पायऱ्या चढले. सातव्या पायरीवर बसले, बाराव्या पायरीवर बसले. तिला आवाज आला असणार, पण ती बाहेर आली नाही. किंवा तिला वाटलं असेल, मांजर आहे.

खोली मी दोन वर्षांनी बघितली. झाडून-पुसून आरसा केलाय. कोपऱ्यात तिचं मशीन, पिवळं पडलेलं, त्याच्या मागं निळ्या वायरीचं टोक. ती खाली बसून साड्यांच्या घड्या घालत होती. मला बघून उठायला लागली. बस म्हटलं. मीपण तिच्यासमोर भिंतीला टेकून बसले. धाप लागली होती. ती पाणी देऊन परत घड्या घालायला लागली.

"फेज गेला नव्हता," मी म्हटलं.

"माहीत हाय की."

"कसं?"

"नेट गेल्या गेल्या मी खाली आलते. कुलूप होतं. खिडकीतनं बघितलं तर पंखा गरागरा फिरायलता."

मी म्हटलं, मग तेव्हाच का बोलली नाहीस? तोंडावर का नाही मारलंस?

"तुमी बोलाल म्हणून थांबले." मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अज्जी. सणावाराचं डोक्यात असतंय. तुमी विसरला असाल."

हे तिनं मला दिलं होतं. घेऊन खाली आले असते तर चाललं असतं. तिचंपण मन राहिलं असतं. पण पंधरा दिवस यंत्र मला आकडे दाखवतंय आणि मी पुरणाला नावं ठेवतेय.

"विसरले नव्हते," मी म्हटलं.

तिनं घातलेली घडी मोडली. परत घातली. परत मोडली.

मी म्हटलं, मला वाटलं नोकरी लागली की तू जाशील.

खाली रस्त्यावरनं भाजीवाला ओरडत गेला.

"मी कुटं जाणार होते, अज्जी?"

एवढंच विचारलं. रागानं नाही. खरंच विचारत होती. मी भिंतीला धरून उठले. उतरताना तिनं दंड धरला, शेवटच्या पायरीपर्यंत.

२३ ऑक्टोबर, रविवार
१६०/९०

भाऊ टमटम घेऊन आला. बोलायला बरा आहे, बहिणीच्या डोळ्याकडं बघत नाही. मी शेंगाचटणी आणि वीसेक कडक भाकरी बांधून दिल्या. कडक भाकरी महिनाभर टिकते, म्हणजे महिनाभर वहिनीपुढं हात पसरायला नको. हे बोलले नाही. शिकतेय.

तिचं मशीन टमटममध्ये मावलं असतं. दोन पोती उतरवली असती तर. पण ती म्हणाली, दादाकडं ठेवायला जागा न्हाय, संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येईन तवा नेते. खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. ही येणार नाही. मी बघितलंय, माणसं कपडे किती नेतात त्यावरनं कळत नाही.

वायर काढू का, विचारलं.

मी म्हटलं, राहू दे. कपडे वाळत घालायला होईल.

हसली. पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर हसली. मग टमटम चालू झाली.

आज रविवार होता, मंजुनाथ अकराला वाजला असेल. मी रस्त्यावर होते.

२६ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळी. शेजारणीनं फराळाचं ताट दिलं, मी दिलं. तिच्या चकल्या माझ्याकडं, माझ्या तिच्याकडं. दोघींच्या कडक.

३० ऑक्टोबर, रविवार
१५०/९०

मंजुनाथ दिसला. मागनं नातवाचे खांदे पण नाहीत, शिकवणीला गेला होता. मंजुनाथ म्हणाला, अव्वा, तुला ते मशीन लावायचा त्रास होतो, इथून पुढं मी मोबाईलवरच फोन करत जाईन. तुला जागचं उठायला नको. मग ते रोज चालू कशाला ठेवतेस, लाईन बंद करून टाकू.

मी म्हटलं, चार दिवस राहू दे.

कशाला, म्हणाला.

मी म्हटलं, पडद्यावर घड्याळ आहे, मोठ्या आकड्यांचं. भिंतीवरचं दिसत नाही मला आता.

बरं म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

७ नोव्हेंबर, सोमवार
१६०/९०. पायऱ्यांमुळं.

पंधरा दिवस सकाळी सातला मशीन लावतेय. लावलं की पहिलं कोपऱ्यात बघते. फुली. दहाला फुली. दुपारी दोनला फुली. म्हणजे दिवसभर जेवायलाच बसलीय.

श्रीदेवीचा फोन नाही. मीपण लावलेला नाही. काय विचारणार? जेवली का? आणि ती हो म्हणणार, वहिनी शेजारीच उभी असणार.

आज सकाळी किल्ली घेतली आणि जिना चढले. तिसऱ्या पायरीवर वाटलं, कशाला. बाराव्या पायरीवर बसले. कुलूप उघडलं. पंधरा दिवसांची धूळ, पण तिचीच खोली वाटत होती. कोपऱ्यातल्या मशीनवर तिनं माझी चादर घालून ठेवलीय, जी मी सप्टेंबरात घडी करून ठेवली होती. कधी नेली कळलंच नाही मला. चादर काढली. गोल बटण मला माहीत आहे, सगळ्या मशीनला तेच असतं. दाबलं. आत काहीतरी घुर्र झालं, पंखा फिरल्यासारखं. पडद्यावर काय काय आलं, मी वाचायला थांबले नाही.

कुलूप न लावता खाली आले. एकेक पायरी, भिंतीला धरून. खालचं दार उघडं, मशीन चालू, पंखा चालू. सगळं उघडं टाकून वर गेले होते मी.

चष्मा लावून कोपऱ्यात बघितलं.

फुली नव्हती. दोन पिटुकली मशीनं, एकाच्या मागं एक.

वर कोणी नाही हे मला माहीत आहे. मीच लावून आलेय, मला माहीत नसेल तर कुणाला असणार. तरी चहा टाकताना दोन कप टाकला. भगरीसारखं, एकाचा होतच नाही. पायरीवर ठेवला नाही. एवढी काही खुळी झालेली नाही. दोन्ही मीच प्यायले, मशीनसमोर बसून.

संध्याकाळी बंद करायला परत वर जायचंय. ते गुडघ्यांना आत्ताच सांगत नाही.